आज दाब किती?

"हवेचा दाब विचारायला गारा खात कुणी येतं का हो, एजे?"

आरुकेने डोक्यावर धरलेली पिशवी खाली घेतली आणि बोलणाऱ्याकडे पाहिलं. बिश्केकच्या एप्रिलचा काही नेम नाही. बस थांब्यावर उतरली तेव्हा लख्ख ऊन होतं, आणि हवामान कचेरीच्या फाटकाशी पोचेपर्यंत तडातडा गारा. फाटकातूनच ती ओरडली होती, "दाब हवाय! हवेचा दाब! आत्ताचा!" आणि आता पडवीत उभा असलेला एक सडपातळ तरुण, एका हातात चहाची वाटी आणि दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला खिम्याचा साम्सा घेऊन, तिच्याकडे बघत होता. ओठाला तीळ चिकटलेला. त्याला पत्ताच नव्हता.

"एजे काय!" ती फणकारली. "तुमची मोठी बहीण शोभण्याइतकी म्हातारी दिसते मी?"

"केस पांढरे झालेत ना गारांनी. मला वाटलं..."

आरुकेने केसांतून हात फिरवला. खरंच, बोटांत गाराच आल्या. हसू आलं, पण तिने ते दाबलं. ती कामासाठी आली होती, आणि काम भीतीचं होतं.

तसं आरुकेचं कुठलं काम भीतीचं नव्हतं म्हणा! ही मुलगी रस्ता ओलांडतानाही दोनदा डावीकडे बघायची. पण नोकरी बघा काय धरली होती – कॅन्सरच्या दवाखान्यात, किरणांच्या विभागात. पेशंटवर किरण सोडायचं अजस्र यंत्र बरोबर माप देतंय की नाही, ते रोज सकाळी तपासायची जबाबदारी तिची. जास्त पडले तर पेशंट भाजणार. कमी पडले तर गाठ वाचणार आणि माणूस जाणार. अशा ठिकाणी भित्रं माणूस असावं, असं तिचे साहेब तोक्तोबेक आगाय म्हणायचे. "बेफिकीर माणूस मला दारातसुद्धा नको."

"हे बघा," तिने पिशवीतून बॅरोमीटर काढला. काच फुटलेली, काटा लोंबकळत होता. "काल भिंतीवरून पडला. नवा मागवलाय, पण सरकारी खरेदी... पुढच्या हिवाळ्यापर्यंत आला तर नशीब. आणि दाबाशिवाय माझं मापच निघत नाही."

"का बरं?"

"आमच्याकडे बोटाएवढी एक नळी असते. आत नुसती हवा. तिच्यावर किरण सोडायचे आणि मोजायचे. पण हवा विरळ असली की नळी कमी सांगते. म्हणून आधी हवेचा दाब विचारायचा आणि त्याप्रमाणे आकडा सुधारून घ्यायचा."

"म्हणजे सगळ्या दवाखान्याचा जीव हवेत टांगलेला!"

"माझा तरी आहे," आरुके म्हणाली. त्याने हसणं थांबवलं.

त्याचं नाव एल्दियार. हवेच्या नोंदी ठेवणं हेच त्याचं काम. त्याने तिला आत नेलं, मोडका बॅरोमीटर कानाशी हलवून पाहिला आणि मान हलवली. "हा गेला." मग त्याची नजर कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे गेली. तिथून तिच्याकडे आली. पापण्यांवरच्या गारा वितळून तिच्या गालांवरून ओघळत होत्या. तो जरासा घुटमळला.

"असं करा," तो म्हणाला, "रोज सकाळी मला फोन करा. तुमचा दवाखाना आमच्यापेक्षा थोडा उतारावर आहे, तेवढा हिशोब करून मी आकडा सांगत जाईन."

"रोज? तुम्हाला त्रास..."

"अहो, दिवसभर ढगांशी बोलतो मी. माणसाशी बोलायला मिळालं तर त्रास कसला?"

*

आणि मग रोजचंच झालं. सकाळी यंत्र गरम व्हायला ठेवलं की आरुके फोन लावायची.

"आज दाब किती?"

"सहाशे ब्याण्णव. दुपारी पाऊस येईल, छत्री?"

"आणलीय."

"आणि चेहरा कसा आहे आज? उतरलेला की चढलेला?"

"चेहऱ्याचा दाब तुम्हाला कशाला हवा?"

"नोंद ठेवतो. सरकारी माणूस आहे."

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. कधी तो संध्याकाळी दवाखान्याच्या फाटकाशी यायचा, खिशात कुरुतचे, सुकवलेल्या दह्याचे, खारट गोळे घेऊन. जर्दाळूच्या झाडाखाली बाकावर बसून दोघं ते चघळत राहायची. बोलताना तो हळूच तिच्या बाहीवरची गळलेली पाकळी उचलायचा आणि टाकून न देता खिशात घालायचा. आरुके बघून न बघितल्यासारखं करायची. पण आत कुठेतरी धडधड व्हायची, आणि तिला त्या धडधडीचीही भीती वाटायची. कारण एक गोष्ट तिने त्याला सांगितलीच नव्हती.

तिने इटलीतल्या एका विद्यापीठात अर्ज केला होता. मेडिकल फिजिक्सची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांची. समुद्रकाठचं शहर. तिच्या दवाखान्यात ही विद्या रीतसर शिकलेलं माणूस एकच – तोक्तोबेक आगाय – आणि ते निवृत्तीला टेकलेले. बाकी सगळं त्यांच्याकडून ऐकून, बघून, चुका टाळत. "माझ्यामागे या यंत्राला कुणी वाली नाही," ते म्हणायचे. "शिकून ये. आणि परत ये."

शिष्यवृत्ती मिळाली तर फी सुटणार होती, खोलीचं भाडं सुटणार होतं. पण तिकीट, व्हिसा, पहिले काही महिने जेवायचं काय? आरुकेच्या आईने – ती बाजारात लोकरीचे नमदे विकायची – हा प्रश्न आपल्या भिशीत मांडला. भिशीतल्या बायका म्हणजे एकापेक्षा एक तोंडाळ. या महिन्याचा नंबर गुलसून आपाचा होता, तिला मुलाच्या लग्नाची मेजवानी द्यायची होती. गुलसून आपाने तोंड वाकडं केलं, दोन कप चहा प्यायली, आणि म्हणाली, "लग्न काय, शरदात करू. नवरी कुठे पळून जातेय! आधी पोरीला पाठवा. उद्या आपल्यातल्या कुणाला गाठ आली तर माप घ्यायला कोण आहे?"  मग सगळ्यांनी मिळून आपापला नंबर मागे ढकलला.

आरुकेला त्या दिवशी जेवण गेलं नाही. एवढ्या बायकांचा विश्वास – आणि मुलाखतीत तोंडातून शब्दच फुटला नाही तर? शिष्यवृत्तीच्या कागदांवर आगायांची सही अजून व्हायची होती, मुलाखत व्हायची होती. सगळंच अधांतरी.

शेवटी मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तिने एल्दियारला सांगितलं. सांगताना त्याच्याकडे बघितलंच नाही.

 तो नेहमीसारखं हसायला गेला, पण ते जमलं नाही. "दोन वर्षं... मग माझा सकाळचा फोन?"

"तुला फोनचीच पडलीय?"

"तसं नाही गं..."

"मी इथे भीतीने अर्धी झालेय, आणि तू थट्टा करतोस?"

"मग काय करू? रडू? जा की! तुला कुणी धरून ठेवलंय?"

आरुके उठली. तिने पर्स खांद्यावर अडकवली. कुरुतचा एक गोळा बाकावर तसाच राहिला.

*

दुसऱ्या दिवशी आगाय परिषदेसाठी ओशला गेलेले. विभागात मोजणारी एकटी आरुके. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, दुपारी मुलाखत, आणि डोक्यात कालचं भांडण. यंत्र गरम झालं. हात सवयीने फोनकडे गेला... आणि थांबला.

'जा की' म्हणतो! नाही करणार फोन. हवेचा दाब काय त्याच्या बापाचा आहे? मोबाइलवर हवामान दिसतंच की. तिने मोबाइल उघडला, दाबाचा आकडा उचलला आणि हिशोबात घातला. मोबाइल वेगळ्याच एककात सांगत होता, म्हणून आकडा अनोळखी वाटला, पण खटकला नाही.

माप आलं. यंत्र कमी देत होतं. थोडंथोडकं नाही, जवळपास दहा टक्क्यांनी कमी! तिने पुन्हा मोजलं. तेच. बाहेर पेशंट येऊन बसलेले. आगायांना फोन लावला, लागेना. नियम होता – एवढा फरक आला तर दुसऱ्या माणसाने मोजल्याशिवाय हात लावायचा नाही. पण दुसरं माणूस कुठून आणायचं? आणि कमी किरणांनी गाठ वाचली तर? भित्र्या माणसाला वाट बघण्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. तिने यंत्राचं माप वर चढवलं.

पहिला नंबर झूरा आपाचा. बोलकी म्हातारी, छातीच्या गाठीचे उपचार चाललेले. रोज टेबलावरून उतरताना दोन्ही तळवे उघडून आरुकेला दुवा द्यायची आणि चेहऱ्यावरून हात फिरवायची, "ओमीन! लवकर नवरा मिळो." आजही दिली. आरुकेने कसंनुसं हसून दुसऱ्या पेशंटचं नाव पुकारलं.

तेवढ्यात विभागाचा फोन वाजला.

"रागावलीस ना?" एल्दियार. "ठीक आहे, राग धर. पण दाब तरी विचार. काम ते काम."

"नको. मोबाइलवर मिळाला मला."

 पलीकडचा आवाज एकदम बदलला, "किती घेतलास?"

तिने सांगितला.

"आरुके... अगं, तो समुद्रसपाटीचा आकडा आहे! मोबाइलवाले सगळ्या जगाचा दाब समुद्राच्या पातळीला आणून दाखवतात. आपण डोंगरात बसलोय. इथे समुद्र कुठाय?"

आरुकेला आठवलं. शिकवलं होतं! आगायांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, डोंगरातल्या माणसाने ही चूक केली की संपलं. यंत्र ठीकच होतं. कमी काहीच नव्हतं. तिनेच ते चढवून ठेवलं होतं. आणि झूरा आपाला...

"थांबा!" ती ओरडली. दुसरा पेशंट टेबलावर चढत होता. "उतरा खाली, काका! आज नाही. आज कुणालाच नाही!"

तिने यंत्र बंद केलं, दाराला कुलूप घातलं, आणि मग ती भिंतीला टेकून खाली बसली. आता कुठे रडू फुटलं.

आगायांचा फोन लागला तेव्हा तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.  पण ते हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी येतो. तोवर कशाला हात लावू नकोस. एका दिवसाचं जास्तीचं पुढच्या दिवसांत वजा करता येईल, डॉक्टरांशी मी बोलतो. आणि सही... सोमवारी बघू."

सोमवारी बघू. आरुकेला वाटलं, झालं, गेलं सगळं. गुलसून आपाच्या मुलाचं लग्न लांबलं ते फुकटच.

*

तासाभराने एल्दियार आला. मिनीबसच्या गर्दीत छातीशी काहीतरी कवटाळून आणलं होतं, घामाघूम. जर्दाळूखालच्या बाकावर त्याने ते ठेवलं आणि वरचं टॉवेलचं गुंडाळं सोडलं. बॅरोमीटर. जुना, पितळी, काटा ठणठणीत.

"हा घे. जुळवून आणलाय. आता कुणाला विचारायला नको."

आरुके बघतच राहिली. "कुठून आणलास?"

तो बुटांकडे बघायला लागला. "कपाटातून."

"कुठल्या कपाटातून?"

"आमच्याच. पहिल्या दिवसापासून तिथेच होता."

"म्हणजे मी गारा खात आले त्या दिवशी..."

"होता."

"मग दिला का नाहीस?" तिचा आवाज चिरकला.

"दिला असता तर..." तो अडखळला, कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. "दिला असता तर तू फोन केला असतास? भिंतीवर बॅरोमीटर असताना माझा आवाज कुणाला हवा होता? वाटलं, चार दिवस ऐकून घेऊ. मग आणखी चार. मग देण्याची हिंमतच होईना. आवडतेस गं तू मला. फार. आणि तू जाणार म्हटल्यावर मी घाबरलो, म्हणून तसं बोललो. पण हे असं होईल... हे माझ्या मनातही..."

कुठल्या मुलीला हे ऐकून आनंद झाला नसता? आणि तिला राग इतका आला होता की तो आनंद धड घेताही येईना.

"उठ," ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"झूरा आपाकडे. मी सांगणारच आहे. तूही सांग."

म्हातारी अजून बाहेरच्या बाकावर मुलाची वाट बघत बसली होती. दोघं समोर उभी राहिली. आरुकेने सांगितलं – आपा, आज तुम्हाला जास्त किरण गेले, चूक माझी. एल्दियारने मान खाली घालून कपाटाचं सांगितलं, आणि का दिला नाही तेही. झूरा आपाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"म्हणजे प्रेम तुमचं, आणि चटका मला?"

म्हातारी आरुकेकडे वळली.

"मरेन का मी याने?"

"नाही आपा. पुढच्या दिवसांत कमी करून बरोबर करता येईल, साहेब म्हणालेत. कातडी लाल झाली तर लगेच सांगा."

"आणि ते कमी करताना मोजणार कोण?"

"साहेब. आणि त्यांनी ठेवलं तर... मी."

"हं," म्हातारी म्हणाली, रुमाल घट्ट बांधला आणि उठून निघून गेली. या वेळी तळवे उघडले नाहीत. आरुकेला ते सगळ्यात जास्त लागलं.

*

मुलाखत तिने आगायांच्या खोलीत बसून दिली, सुजलेल्या डोळ्यांनी. पडद्यावर चष्मा लावलेल्या एक वयस्क प्राध्यापिका. त्यांनी विचारलं, तुम्हाला हे शिकायचंय कशासाठी?

आरुकेने पाठ केलेलं उत्तर होतं. छान होतं ते, देशसेवा वगैरे. ते तिला आठवेना. तिच्या तोंडून सकाळच सांगितली गेली. दाब, मोबाइल, झूरा आपा, सगळं.

"कळल्यावर काय केलंत?"

"यंत्र बंद केलं. मग रडले. मग साहेबांना सांगितलं."

"याच क्रमाने?"

"आधी रडले असते तर आणखी एक पेशंट गेला असता आत."

प्राध्यापिकाबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना. "कळवू," म्हणाल्या.

सोमवारी आगाय आले. आधी त्यांनी स्वतः मोजलं, मग आरुकेला मोजायला लावलं. पितळी बॅरोमीटर भिंतीवर टांगलेला. दोघांचं माप तंतोतंत जुळलं आणि यंत्र जागेवर आलं. मग त्यांनी बॅरोमीटरवर टकटक केली. "हा कुठला?"

आरुकेने खरं ते सांगितलं. आगायांनी कपाळाला हात लावला. "तू मूर्ख, आणि तो तुझ्यावर ताण! जोडा छान आहे." कागद पुढे ओढले, पेन उघडलं, थांबले. "मी सही का करतोय, कळतंय? तू घाबरलीस म्हणून चूक झाली. पण घाबरलेली असूनही सांगितलीस. पहिलं शिकवून घालवता येतं. दुसरं कुणाला शिकवता येत नाही." सही झाली. "दोन वर्षांनी परत आली नाहीस तर तुझ्या आईच्या नमद्यांवर ठाण मांडून बसेन, सांगून ठेवतो."

विद्यापीठाचा होकार जर्दाळू पिकता पिकता आला. त्याच आठवड्यात झूरा आपाचा शेवटचा दिवस होता. टेबलावरून उतरून ती दारापर्यंत गेली, परत फिरली. "त्या कपाटवाल्यालाही बोलाव." एल्दियार धावत आला. म्हातारीने दोन्ही तळवे उघडले, बराच वेळ पुटपुटली आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. "ओमीन. आता दोघं नीट वागा."

विमानतळावर आई रडली, भिशीतल्या बायकांनी कुरुतच्या पिशव्या बॅगेत कोंबल्या. एल्दियार लांब उभा होता. जाताना आरुके त्याच्याजवळ थांबली. त्याला वाटलं ती काहीतरी बोलेल. तिलाही तसंच वाटलं. पण भित्री ती भित्रीच... त्याच्या कोटाचं सुटलेलं बटण लावून ती आत गेली.

त्याने तिच्याकडून वचन मागितलं नाही. मागायचं धैर्यच झालं नाही. तिला दाबासाठी का होईना पण आपली गरज होती, आता तीही उरली नाही, असं तो स्वतःशी म्हणत राहिला.

आठवडाभर तिचा फोन आला नाही. मग एका सकाळी, तो नोंदी घेत असताना, फोन वाजला. पलीकडे वारा होता, आणि कसलीतरी सारखी खळखळ.

"आज दाब किती?" आरुकेचा आवाज.

"इथला? सहाशे..."

"नाही, माझ्या इथला विचारतेय."

"तुझ्याकडचा मला कसा कळणार?"

"मी समुद्रावर उभी आहे, एल्दियार. धक्क्यावर. इथे मोबाइलचा आकडा आणि खरा आकडा एकच असतो. चूक करायची म्हटली तरी होत नाही. आणि विभागात, भिंतीवर, दर खोलीत एकेक बॅरोमीटर टांगलाय."

"मग..." तो म्हणाला, "मग फोन कशाला केलास?"

लाटांचा आवाज येत राहिला. आरुके घाबरली होती. परक्या देशाला, परक्या भाषेला, उद्याच्या पहिल्या तासाला. आणि सगळ्यात जास्त, आता जे बोलायचं होतं त्याला.

"तू विचारलं होतंस ना, भिंतीवर बॅरोमीटर असताना फोन केला असतास का?" ती म्हणाली. "भिंतीवर बॅरोमीटर आहे. आणि मी फोन केलाय."

एल्दियारच्या हातातलं पेन नोंदवहीवर तसंच टेकून राहिलं. शाईचा एक ठिपका पसरत गेला.

"उद्या पण करणार?" त्याने विचारलं.

"रोज," आरुके म्हणाली. "नोंद ठेव. सरकारी माणूस आहेस."